लिस्बनचे चार दिवस

रविवारी सकाळी, मेथी निवडता निवडता, मान वर न करता बिल्कीस म्हणाली, "लिस्बन." फरहा डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. डिसेंबरात तिचा निकाह ठरला होता आणि त्याआधी अम्मी-अब्बांना एकदा परदेश दाखवायचा, असं तिनं खारघरच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हापासून मनात धरलं होतं. चार दिवस, एकच शहर. दगदग नको, बघायचं, चांगलंचुंगलं खायचं आणि परत यायचं. ती एकेका शहराची चित्रं दाखवत होती. पॅरिसचा मनोरा, कुठल्याशा तळ्यातले हंस, बर्फात बुडालेली घरं. मुबारक चष्मा लावून प्रत्येकाला बरंय, बरंय म्हणत होता. साठी उलटल्यापासून त्याला सगळंच बरं वाटे. म्हणजे खरं तर कशाचं काहीच वाटत नसे. आणि बिल्कीसला काही हवं असू शकतं हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच येत नसे. साडीचा रंगसुद्धा ती दुकानदारावर सोपवायची. तिनं आता एक अख्खं शहर मागितलं होतं, आणि त्याचं नाव असं स्वच्छ उच्चारलं होतं, जणू पनवेलहून तिकडं रोजची एसटी जाते.

फरहा हसली. अब्बा तिथं होते ना बोटीवर असताना, तिनं विचारलं. बिल्कीसनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. पिवळी ट्राम असते तिथं, ती सांगू लागली, एकाच डब्याची, चढावर चढते तेव्हा माणसं पुढं झुकून बसतात. वरच्या टोकाला उतरलं की उजव्या हाताला अरुंद गल्ली, गल्लीत दारोदारी शेगड्या, शेगडीवर अख्खे मासे, तारल्या, भाजत असतात, मीठ लावून, दुसरं काही नाही. पावाच्या तुकड्यावर ठेवून देतात, तेल पावात उतरतं. खाली नदी दिसते, आपल्या खाडीच्या चौपट रुंद. ती हे सांगत नव्हती, म्हणत होती; मदरशात पोरं पाठ म्हणतात तसं, एकाही शब्दाला न अडखळता. फरहा भराभर टाईप करत होती. मुबारकच्या बनियनखाली डाव्या कुशीपासून मांडीपर्यंतची कातडी खाजू लागली. त्या कातडीला घाम येत नसे. पनवेलच्या उकाड्यात त्याचं अर्धं अंग भिजायचं आणि तेवढा भाग कोरडा, ताणलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा राहायचा. बिल्कीस म्हणत होती ते शब्द त्याचे होते. अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत त्यानं ते एका निळ्या हवाई पत्रावर लिहिले होते. ते तिला पाठ असतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

दुपारी फरहा झोपली तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. बिल्कीस ओट्यावर सुकटीचा डबा पालथा करून खडे वेचत होती. लिस्बन कशाला, त्यानं विचारलं. तिथं बघण्यासारखं तसं काही नाही, जुनं शहर, नुसत्या चढणी, तुझे गुडघे दुखतात. बिल्कीसचा हात सुकटीत फिरत राहिला.

"मला बघायचंय," ती म्हणाली. "माझं लेकरू मातीत जात होतं तेव्हा तुम्ही कुठल्या रस्त्यानं हिंडत होता, ते."

आवाज चढलेला नव्हता. पाणी आलं का, सिलेंडर लावला का, असं विचारावं तसा. मुबारक तिथंच उभा राहिला. त्याला वाटलं, आपण काही तरी बोलायला पाहिजे; मग वाटलं, केवढा कंटाळा आलाय. दुःख नव्हे, भीतीही नव्हे, तर इंजिनरूममधल्या सलग दोन पाळ्या संपवून शिडी चढताना यायचा तसला शीण, ज्यात पुढच्या पायरीवर पाय ठेवायचा हे पायाला कुणीतरी सांगावं लागतं. तो बाहेर येऊन चपला घालून निघाला.

वडाळे तलावाच्या कठड्यावर दुपारचं कुणी नव्हतं. कमळाची पानं उन्हात कडा वळून पडली होती. तो सावली शोधून बसला. छत्तीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाला लोक विचारतात, कुठं कुठं गेलात? तो नावं सांगायचा. ॲन्टवर्प, जेनोआ, हॅम्बर्ग. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत दिवे लागायचे. कसं सांगायचं की इंजिनाला तेलपाणी करणाऱ्या तेलवाल्याला बंदर म्हणजे इंजिन गार झाल्यावर करायची कामं. की बहुतेक शहरं त्यानं क्रेनच्या दोन पायांमधून पाहिली होती. लिस्बन मात्र त्यानं खिडकीतून पाहिलं होतं. एक्केचाळीस दिवस, एकाच खिडकीतून. लाल कौलं, एका चर्चची घंटा टांगलेली कमान, आणि दोन भिंतींच्या फटीत पंचाभर दिसणारी नदी. बंदरात शिरायच्या आदल्या दिवशी वाफेची नळी फुटली होती. आवाज झाला असं बाकीचे म्हणाले, त्याला आवाज आठवत नव्हता. पांढरं काही तरी अंगावरून गेलं एवढंच. मग पट्ट्या, औषधाचा वास, आणि रोज सकाळी पट्ट्या बदलायची ती वेळ, जी यायच्या तासभर आधीपासून त्याचे दात एकमेकांवर बसायचे.

त्या वॉर्डात लादी पुसायला एक बाई यायची. पियेदाद तिचं नाव, मूळची मडगावकडची, पोर्तुगीज गेले तेव्हा त्यांच्या मागोमाग नवऱ्याबरोबर आलेली. तिनं त्याला झोपेत बडबडताना ऐकलं आणि बादली खाली ठेवून विचारलं, खंयचो रे तूं? त्याला रडूच आलं. तिची बोली वेगळी, याची वेगळी, पण भाताला भात आणि माशाला मासा म्हणणारं माणूस समोर होतं. ती पुसता पुसता शहर सांगायची. ट्रामबद्दल, गल्लीबद्दल, भाजलेल्या तारल्यांबद्दल. बरा झालास की जा, म्हणायची. बिल्कीसला तेव्हा सातवा होता. उरणला माहेरी होती ती, पायांना सूज, डॉक्टरनं पडून राहायला सांगितलेलं. तिला काय लिहायचं? उजवा हात शाबूत होता. त्यानं पियेदादचं शहर उचललं आणि स्वतःला त्यात चालायला लावलं. लिहिताना मजाही वाटली त्याला, हे तो आता तलावाच्या कठड्यावर कबूल करत होता. ट्राममध्ये पुढं झुकणारी माणसं तर त्यानं स्वतः घातली होती. पत्र लिहिताना तासभर अंग दुखलं नव्हतं.

पत्र उरणला पोचलं ते दफन होऊन चौथ्या दिवशी. दीड महिना आधी जन्मलेली मुलगी नऊ दिवस जगली होती. बिल्कीसचा भाऊ शाहीद तिला दोन हातांवर घेऊन गेला, जनाज्याची खाटही लागली नाही म्हणे न्यायला. घरात माणसं बसलेली, आणि पोस्टमननं दिलेलं पत्र कुणीतरी उघडून मोठ्यानं वाचायला घेतलं, मुबारकला तार मिळाली असेल, त्याचंच काही उत्तर आलं असेल म्हणून. पिवळी ट्राम असते इथं. हे सगळं त्याला फार नंतर शाहीदनं सांगितलं. बिल्कीस कधी बोलली नाही. ती तार त्याला मिळाली होती पत्र तिकडं पोचल्यावर आठवड्यानं, कंपनीच्या एजंटनं पलंगाशी येऊन हातात दिली आणि टोपी काढून उभा राहिला. तेव्हा तरी खरं लिहायचं. पण तिनं नुकतं मूल पुरलेलं, तिच्यावर आणखी हे घालायचं? त्यानं लिहिलं, बदली माणूस नाही, बोट सोडता येत नाही, अल्लाची मर्जी. आणि एकदा तसं लिहिल्यावर पुढं सगळं त्याच मापानं बेतावं लागलं. घरी आला तेव्हा कुशीचा डाग दाखवून म्हणाला, परतीच्या वाटेवर भाजलं थोडंसं. तिनं दिव्याच्या उजेडात डाग पाहिला, खोबरेल लावलं. आठ महिन्यांपूर्वीच्या पत्रातल्या शहराबद्दल ती काही विचारेल म्हणून तो वाट पाहत राहिला. तिनं विचारलं नाही. पुढच्या फेरीला निघाला तेव्हाही नाही, फरहा झाली तेव्हाही नाही. तिनं त्याचं सगळं नीट केलं. जेवण, कपडे, आजारपणं. फक्त त्यानं काही हौसेनं सांगायला घेतलं की ती उठून कामाला लागायची, आणि हळूहळू त्यानं हौसेनं सांगणं सोडून दिलं. घर शांत झालं. लोक म्हणत, काय समजूतदार जोडपं आहे.

पुढचे तीन आठवडे बेत पुढं सरकत राहिला. ऑक्टोबरातले चार दिवस पक्के झाले. पासपोर्टचे फोटो काढायला तिघं बाजारातल्या स्टुडिओत गेली. फोटोवाल्यानं बिल्कीसला कान दिसू द्या म्हटलं तेव्हा तिनं पदर मागे सारला आणि मुबारकला तिचे पिकलेले केस कानामागे किती पातळ झालेत ते दिसलं. फरहानं एक तक्ताच केला. पहिला दिवस ट्राम आणि डोंगरावरचा किल्ला, तो कर्नाळ्यासारखा चढायचा नाही, वाहन वरपर्यंत जातं. दुसरा दिवस नदीकाठचा बुरूज, मग अंड्याच्या पिवळ्याची ती प्रसिद्ध मिठाई, मग संग्रहालय. हलाल कुठं मिळेल ते तिनं शोधून ठेवलं, बांगलादेशी लोकांच्या हॉटेलांची एक गल्लीच निघाली. रोज संध्याकाळी ती नवं काही विचारायची. अब्बा, ट्रामचं तिकीट आत मिळायचं की बाहेर? अब्बा, नदीवर वारा असतो का हो, अम्मीला स्वेटर घेऊ? तो म्हणायचा, आता सगळं बदललं असेल. हे वाक्य त्यानं इतक्या वेळा म्हटलं की ते तोंडात चघळून चव गेलेल्या सुपारीसारखं झालं. बिल्कीस ऐकत असायची. तक्त्यात काही गाळलेलं दिसलं की तेवढं सांगायची. ती गल्ली राहिली. त्या शेगड्या.

मग एका शनिवारी सकाळी फरहा म्हणाली, "अम्मी, त्या तारल्या नाही मिळणार गं रस्त्यावर. इथं लिहिलंय, जूनमध्ये त्यांचा सण असतो, तेव्हाच गल्लीत भाजतात. थंडीत तारली खातच नाहीत, तेव्हा तिला चरबी नसते."

बिल्कीस चहा गाळत होती. यांनी फेब्रुवारीत खाल्ल्या, ती म्हणाली. फरहानं पुन्हा पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाली, फेब्रुवारी नसेल मग. फेब्रुवारीच, बिल्कीस म्हणाली, आणि गाळणं तसंच हातात धरून तिनं मुबारककडं पाहिलं. किती वर्षांनी तिनं असं सरळ पाहिलं होतं. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. हिशेब चुकल्यावर शाळेतली मुलगी मास्तरांकडं बघते तसं काहीसं होतं. फरहाला दहा वाजता कामोठ्याला शिंपिणीकडं जायचं होतं, निकाहाच्या कपड्यांचं माप द्यायला. ती गेली. रिक्षा वळल्याचा आवाज आला. खाली भंगारवाला ओरडत गेला. मुबारकला वाटलं, आता अजून एक वाक्य तयार करता येईल. पेडवे असतील, तारल्या नसतील. थंडीतसुद्धा एखादा भाजत असेल. वाक्यं येत होती, पण ती उचलायला हातात जोर नव्हता.

तो खुर्चीत बसून सांगत गेला. नळी फुटली तिथपासून. खिडकी, पियेदाद, पट्ट्या, पत्र, तार. सांगायला वाटलं होतं त्याहून फार कमी वेळ लागला. सव्वीस वर्षं आणि अर्धा कप चहा. बिल्कीस समोर बसली होती. मध्येच ती उठली, त्याच्याजवळ आली, बनियन वर करून तिनं कुशीवरची कातडी बोटांनी दाबून पाहिली. बाजारात मासा ताजा आहे का पाहतात तशी. ती बोटं त्याला जाणवली नाहीत, नुसती दिसली. मग ती परत जाऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं होतं आणि त्याला वाटलं, झालं. एवढंच होतं. का नाही सांगितलं आपण?

"एक्केचाळीस दिवस," ती म्हणाली. "म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत. तुम्ही घरी आलात ऑक्टोबरात."

मुबारकनं उरलेला चहा बाजूला सारला.

"मग?" तिनं विचारलं.

हेच ते होतं, आणि हे त्यानं तलावाच्या कठड्यावरही स्वतःला सांगितलं नव्हतं. डॉक्टरनं सोडलं त्या दिवशी एजंट आला होता. कंपनी विमानाचं तिकीट देते, म्हणाला, घरी जा, बायकोजवळ जा. दुसरी बोट चार दिवसांनी लागतेय, हलकं काम देतील, पण तू घरी जावंस असं मला वाटतं. एजंटला स्वतःची पोरंबाळं असावीत. मुबारक पलंगाच्या काठावर नवी पँट घालून बसला होता, पँट कुशीला घासत होती. त्याच्या डोळ्यांसमोर उरणचं ते घर आलं. दार उघडणारी बिल्कीस. तिचं रिकामं पोट, रिकामे हात. ती रडेल, आणि आपण तिथं उभे राहू. काय करायचं असतं अशा वेळी, हे त्याला माहीत नव्हतं. इंजिनरूममध्ये काय करायचं ते माहीत होतं. तो म्हणाला, बोट.

हे त्यानं बिल्कीसला सांगितलं. सगळं नाही सांगता आलं. घरी जायचं तिकीट देत होते, मीच बोटीवर चढलो, तुझ्यासमोर यायची हिंमत नव्हती, एवढंच.  मग उठून तिनं चहाची भांडी विसळली, गॅस पुसला, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. दुपारची जोहरची नमाज झाली तरी बाहेर आली नाही. फरहानं परत आल्यावर विचारलं, अम्मीचं डोकं दुखतंय का. तो हो म्हणाला.

चार दिवस ती बोलली नाही. जेवण वेळेवर होतं, त्याच्या रक्तदाबाची गोळी पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवलेली असायची. फरहा हॉटेल पक्कं करायला थांबली होती, नाही तर भाव वाढतात म्हणत होती. मुबारकला वाटत होतं, आता बेत मोडेल, आणि नवल म्हणजे त्याला ते नको होतं. ज्या शहराचं नाव ऐकून त्याची कुशी खाजायची तिथं जावंसं वाटत होतं. त्या चर्चची कमान समोरून कशी दिसते ते बघावंसं वाटत होतं. तो सकाळी बाजारात जाई, कोलंबी घेई, परत येई. बिल्कीस कोलंबी सोलायला घेई. दोघांच्या मध्ये नुसता सोललेल्या कवचांचा ढीग वाढत जाई. तिनं भांडावं, असं त्याला वाटे. मग वाटे, कशाला. तीही दमली असेल.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. ती पाटावर बसली होती, हातात काहीच काम नव्हतं, आणि त्यामुळे ती एकदम म्हातारी दिसली.

"मी इतकी वर्षं तुम्हाला एका गोष्टीसाठी माफ केलं नाही, आणि ती गोष्ट घडलीच नव्हती," ती म्हणाली. "आणि जी घडली ती मला माहीतच नव्हती. आता मी कुठून सुरुवात करू?"

तो दाराला टेकून उभा होता. मला काय माहीत, तो म्हणाला. ते खरंच होतं.

"जो बोटीवर चढला, त्याच्याबरोबर तर मी आयुष्य काढलं," बिल्कीस म्हणाली. "तो मला ठाऊक आहे. त्याचं मी बघेन. पण जो पलंगावर एक्केचाळीस दिवस पडला होता, त्याला कुणी भेटायलाच गेलं नाही." तिनं गुडघ्यावरचा पदर सारखा केला. "हॉस्पिटल अजून आहे का तिथं?"

असेल, तो म्हणाला. जाड भिंतींचं आहे, कुठं जातंय.

"लोकांना कधी सोडायचे आत?"

"तीन ते पाच."

तिनं मान हलवली आणि पाटावर हात टेकून, गुडघा सांभाळत उठली. बाहेर फरहा ऑफिसला निघायच्या गडबडीत एका हातानं केस बांधत लॅपटॉप बंद करत होती. बिल्कीसनं तिला थांबवलं. हॉटेल घेऊन टाक, म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीन ते पाच काही ठेवू नकोस. फरहा म्हणाली, तेव्हा संग्रहालय आहे, नंतर ते बंद होतं. राहू दे बंद, बिल्कीस म्हणाली, आम्हाला दोघांना एका ठिकाणी जायचंय. फरहानं आधी आईकडं आणि मग बापाकडं पाहिलं. उभ्या उभ्याच तक्त्यातलं संग्रहालय पुसून तिनं तिथं अम्मी-अब्बा असं लिहिलं.

ती गेल्यावर बिल्कीस दार लावून आली. रिकाम्या हातानं कसं जायचं, ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग त्याला विचारलं, तिकडं आजाऱ्याला काय नेतात?

मुबारकला आठवावं लागलं नाही. संत्री, त्यानं सांगितलं. सगळ्यांची माणसं संत्री घेऊन यायची, कागदी पिशवीतून, आणि पलंगावर बसून सोलून द्यायची. तीन वाजले की वॉर्डभर सालींचा वास सुटायचा. तो भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा, पाच वाजेपर्यंत.

"सोंग घ्यायचं नाही आता," बिल्कीस म्हणाली.